चक्कर मारा, पण उजेड आहे तोवर परत या

या पानासाठी येणाऱ्या प्रश्नांत गेल्या काही महिन्यांपासून एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. कधी तो आई विचारते, कधी बायको, तर कधी पोरगा स्वतःच. पोरगा कामावरून येतो, हातपाय धुतो, चहा घेतो आणि गाडीची किल्ली उचलून गावाबाहेर निघतो. कोणाकडे जायचे नसते, काही आणायचे नसते. "आताच तं आला, अन् कुठी चालला परत? पेट्रोल का फुकट भेटते?" असे घरचे विचारतात. त्यावर उत्तर एकच, "येतो जरा चक्कर मारून." ही सवय चांगली की वाईट, एवढेच आम्हाला विचारलेले असते.

आमचे मत आधीच सांगतो. चक्कर मारू द्या. दिवसभर राबलेल्या माणसाला तासभर मोकळी हवा मिळत असेल, तर त्याला पैशाची नासाडी म्हणणे आम्हाला पटत नाही. शंभर सीसीची गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देते असे धरले, तर जाऊन-येऊन वीस किलोमीटरला चाळीस-बेचाळीस रुपये लागतात. एवढ्यात दारूचा पव्वाही येत नाही. मात्र ही चक्कर कशी, किती वाजता आणि कोणासाठी, याबद्दल आम्हाला बरेच म्हणायचे आहे. त्यातले काही पोरांना आवडणार नाही.

आधी घरच्यांसाठी थोडे. आपल्या वस्त्यांतली माणसे कामे काय करतात? अकोल्याच्या एमआयडीसीत डाळमिलवर हमाली, अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या कापड कारखान्यांत मशीनवर उभे राहणे, जिनिंगमध्ये कापूस ओढणे, दवाखान्यात वॉर्डबॉय, एटीएमसमोर गार्ड, नगरपालिकेच्या घंटागाडीवर सफाई, दुकानात काउंटर. यातली बरीच कामे ठेकेदाराच्या हाताखाली. दिवसभर मशीनचा आवाज नाही तर साहेबाचा. संध्याकाळी कान वाजत असतात आणि मनात कोणीतरी बोललेला शब्द घोळत असतो. घरी यावे तर फ्रेजरपुऱ्यात काय अन् अकोट फैलात काय, दोन खोल्यांत सहा माणसे, वर टिनाचे छत. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या आसपास जातो. दिवसभर तापलेले टिन रात्री नऊ-दहापर्यंत आग ओकत राहते. टीव्ही चालू, लेकरांचा अभ्यास चालू, स्वयंपाक चालू. अशा घरात आल्या आल्या माणसाला कोणी काही विचारले की तो खेकसतो. मग भांडण. तासभर बाहेर जाऊन आलेला माणूस तेच बोलणे निवांत ऐकून घेतो, हे घरच्यांनाही माहीत असते. फक्त कबूल करायला जड जाते.

गाडी चालवल्याने डोके हलके का होते? पायी चालताना किंवा खाटेवर पडल्यावर मन पुन्हा त्याच भांडणाकडे, त्याच हप्त्याकडे जाते. दोन चाकांवर तसे करून चालत नाही. समोर खड्डा आहे, बाजूने बकऱ्या येताहेत, क्लच-ब्रेक सांभाळायचे आहेत. लक्ष आपोआप रस्त्यावर येते आणि बाकीचे थोडा वेळ मागे पडते. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील मेंदूच्या अभ्यासकांनी हे मोजून पाहिले. पन्नासहून अधिक अनुभवी मोटारसायकलस्वारांची गाडी चालवण्याआधी, चालवताना आणि नंतर तपासणी केली. तो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. साधारण वीस मिनिटे गाडी चालवल्यावर ताण दाखवणाऱ्या संप्रेरकांचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी उतरलेले आढळले. नाडी मात्र ११ टक्क्यांनी वाढली. अर्थात या अभ्यासाचा खर्च हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकल बनवणाऱ्या कंपनीनेच केला होता, म्हणून तो थोडा हात राखून वाचावा. गाडी विकणारा गाडीचे गुणच सांगणार. शिवाय ती सगळी मुरलेली माणसे होती. नवशिक्याला गर्दीच्या रस्त्यावर ताण येतो, उतरत नाही.

एक गैरसमज मात्र मनातून काढा. गाडीवर बसणे हा व्यायाम नव्हे. गाडी पळते, आपण बसलेलो असतो. म्हणून आमचा आग्रह असा की दहा किलोमीटर जा, सुरक्षित जागी गाडी लावा, हेल्मेट हाताला अडकवा आणि वीस मिनिटे पायी चाला. मग दहा मिनिटे नुसते बसा. मोबाईल खिशात ठेवा. ज्याचे काम दिवसभर खुर्चीवर बसायचे आहे त्याच्यासाठी तर ही वीस मिनिटे त्या सगळ्या चकरेपेक्षा मोलाची. डाळमिलवर दिवसभर पोती उचलणाऱ्याला चालायचे कोणी सांगणार नाही. त्याने नुसते झाडाखाली बसावे.

आता मुद्दा फुरसतीचा. आपल्याकडे जुन्या माणसांच्या मनात अजूनही असे बसलेले आहे की गरिबाने रिकामे बसणे म्हणजे आळस. बाबासाहेबांचे म्हणणे याच्या उलट होते. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी फुरसतीवर सविस्तर लिहिले आहे. माणूस जनावरासारखा फक्त राबत राहिला तर त्याच्या वाट्याला संस्कृती येत नाही, त्यासाठी त्याला मोकळा वेळ हवा आणि तो वेळ यंत्रच मिळवून देऊ शकते, अशी त्यांची मांडणी होती. यंत्राला नावे ठेवणाऱ्यांशी त्यांचा वाद होता तो यावरच. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले आणि हंगामी कारखान्यांत ६० वरून ५०. हे हंगामी कारखाने म्हणजे कोणते? आपल्या वऱ्हाडातले जिनिंग आणि प्रेसिंग. म्हणजे ज्या कापसाच्या कारखान्यांत आपले आजे-पणजे खपले, त्यांच्याच संध्याकाळीतून काही तास त्या कायद्याने सोडवून आणले. आज ठेकेदार बारा तासांची ड्यूटी लावतो आणि आपण ती मुकाट करतो. तो विषय वेगळा आणि मोठा आहे. पण उरलेला एक तास जो माणूस स्वतःसाठी वापरतो त्याला निदान घरच्यांनी तरी आळशी म्हणू नये.

जायचे कुठे? अमरावतीकरांना वडाळी आणि छत्री तलाव अगदी जवळ. त्यापुढे चांदूर रेल्वेच्या रस्त्याने पोहरा-मालखेडचे जंगल लागते. पहिल्या पावसानंतर तो रस्ता असा होतो की माणूस दिवसभराचे विसरतो. अकोल्याकडून पातूरच्या रस्त्याला कापशीचा तलाव आहे. उत्तरेकडे गेले तर पूर्णेचा खारपाणपट्टा. तिथे झाडे कमी, पण जमीन इतकी सपाट की सूर्य पार बुडेपर्यंत दिसत राहतो. महानचे काटेपूर्णा धरण संध्याकाळच्या मानाने लांब पडते, ते रविवारसाठी ठेवावे. चिखलदऱ्याचे तर नावच काढू नका. कामावरून सुटून घाट चढायला निघणारी पोरे आम्ही पाहिली आहेत. ती चक्कर नसते, पैज असते. खरे सांगायचे तर एवढ्या लांब जायची गरजही नसते. वस्तीपासून सात-आठ किलोमीटरवर जिथे पऱ्हाटी दिसू लागते, तुरी दिसू लागतात, तिथे काम झाले. नोव्हेंबरात बोंडे फुटलेली असतात, त्याच्या मागोमाग तुरीला पिवळा फुलोरा येतो, जानेवारीत हरभरा हिरवागार असतो. ज्यांचे आईबाप या वावरांत रोजमजुरीने निंदायला-वेचायला जात होते, त्यांच्या पोराने त्याच वावराच्या कडेला नुसते बघायला उभे राहावे, यात आम्हाला तरी एक समाधान वाटते.

पोरांना सगळ्यात मोह असतो तो महामार्गाचा. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्ग ५३. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीचा एका पदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ७२० माणसे रात्रंदिवस त्यावर राबली. विक्रमाच्या बातम्यांत यंत्रांचे आणि साहेबांचे फोटो आले. त्या ७२० जणांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? असो. रस्ता चांगला झाला, आणि चांगला झाला म्हणूनच संध्याकाळच्या चकरेला वाईट झाला. तिथे मुंबई-कोलकात्याचे ट्रेलर धावतात. त्यांच्या शेजारून ऐंशीने गाडी दामटताना डोके हलके होत नाही, उलट मूठ आवळलेली राहते. वाऱ्याचा आवाज कानात मशीनसारखाच घुमतो. मन निवावे असे वाटत असेल तर गावरस्ता धरा आणि चाळीसच्या आत चालवा. चाळीसने पाखरांचा आवाज ऐकू येतो.

आता वेळेविषयी. हे सगळ्यात महत्त्वाचे, म्हणून जरा सावकाश वाचा. आपल्या भागात जूनअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबर-डिसेंबरात तो साडेपाच ते पावणेसहालाच जातो. माणसाची सुट्टी मात्र बाराही महिने सहाला होते. म्हणजे जी चक्कर उन्हाळ्यात उजेडात होते, तीच हिवाळ्यात पूर्ण अंधारात होते, आणि सवय तर तीच राहते. तेवढ्याच वेगाने, त्याच वळणावर, फक्त आता दिसत काही नाही. देशाच्या रस्ते मंत्रालयाचे अहवाल दरवर्षी सांगतात की सर्वाधिक अपघात संध्याकाळी सहा ते रात्री नऊ या तीन तासांत होतात. एकूण अपघातांच्या सुमारे एक पंचमांश. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मेली. त्यात दुचाकीवरची ७४,८९७. आणि एकूण मृत्यूंपैकी दोन तृतीयांशाहून अधिक ग्रामीण भागात. आपण ज्याला शांत रस्ता म्हणतो तो हाच ग्रामीण भाग.

या शांत रस्त्यावर काय काय असते ते वऱ्हाडातल्या माणसाला नव्याने सांगायला नको, तरी सांगतो. कापसाच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रुंदीच्या दुप्पट माल लादलेला असतो. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, असली तर चिखलाने झाकलेली. बैलबंडीला तर दिव्याचा प्रश्नच नाही. रस्त्यातच बंद पडलेला ट्रक, त्याच्यामागे खूण म्हणून ठेवलेले दोन दगड. दिवेलागणीला रोही कळपाने रस्ता ओलांडतात. एक गेला म्हणून गाडी पुढे काढावी तर दुसरा मागून येतो. रोही म्हणजे बैलाएवढे धूड, धडकल्यावर त्याचे काय होईल ते होवो, गाडीवरचा उरत नाही. रानडुकरांचेही तेच. पोहऱ्याच्या जंगलात बिबटही आहे, म्हणून तिथे अंधारात गाडी लावून बसणे सोडाच, थांबूही नये. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांना लागून आलेली काळी माती डांबरावर पसरते आणि पहिल्या सरीत तिचे साबण होते. काळी जमीन फुगते-आकसते, त्यामुळे रस्त्याची कड खचून वीतभर खाली गेलेली असते. समोरच्याला साइड द्यायला खाली उतरलो की चाक अडकते.

आता साधा हिशेब. साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर जाते. समोर काही दिसले, मेंदूला कळले, हात-पाय ब्रेकवर गेले, याला एक ते दीड सेकंद लागतो, थकलेल्या माणसाला त्याहून जास्त. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच पंचवीस मीटर संपले. साध्या गाडीच्या हेडलाइटचा खालचा झोत त्याहून फार पुढे पोचत नाही. समोरून मोठी गाडी डोळ्यांवर उजेड टाकत आली तर तेवढेही दिसत नाही. जे दिसेपर्यंत आपण त्याच्या अंगावर गेलेलो असतो, त्यापुढे कितीही चांगला चालवणारा असला तरी काही चालत नाही. म्हणून आमचे सांगणे असे की सूर्य मावळायला अर्धा तास असतानाच गाडीचे तोंड घराकडे वळवा. हिवाळ्यात कामावरून सुटायला सहा वाजत असतील तर चार महिने संध्याकाळची चक्कर बंदच ठेवा. रविवारी सकाळी जा, थंडीत सकाळ तर संध्याकाळीहून गोड असते.

अंधाराबद्दल अजून एक, आणि हे आरोग्याच्या पुस्तकात सापडणार नाही. कापूस फुटलेल्या दिवसांत अनोळखी गावाच्या शिवेवर दोन पोरे गाडी लावून बसलेली दिसली की राखणदार येऊन विचारतो. आधी गाव विचारतो, मग आडनाव. आडनाव सांगितल्यावर पुढे काय होऊ शकते हे आपल्या घरांत लेकरांनाही ठाऊक आहे. रस्ता सगळ्यांचा आहे, हे खरे. पण उजेडात चार माणसे येत-जात असताना उभे राहणे आणि रात्री एकटे सापडणे यात फरक आहे. जिथे पानटपरी आहे, बसथांबा आहे, आपल्या ओळखीचे गाव आहे, तिथे थांबा.

दारूविषयी थोडक्यात. बऱ्याच जणांची चक्कर तलावापर्यंत जात नाही, ढाब्यापर्यंतच जाते. दर पौर्णिमेला विहारात पाचवे शील म्हणायचे आणि सोमवारी ढाब्यावर गाडी लावायची, यावर आम्ही वेगळे काय बोलावे? शरीराचे सांगतो. कायद्याची मर्यादा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅम. पण त्याच्या आधीच नजर आणि हात मंद व्हायला लागतात. "वारा लागला की उतरते" हे साफ खोटे. लिंबू, कडक चहा, गार पाणी, वारा, कशानेही दारू लवकर उतरत नाही. यकृत ती आपल्या गतीनेच बाहेर काढते, त्याला तास लागतात. वारा लागल्यावर फक्त आपल्याला बरे वाटते, आणि तेच जास्त धोक्याचे. शिवाय दिवसभराचा ताण गाडीने उतरत असेल तर मग वरून दारू कशाला? आणि दारूनेच उतरवायचा असेल तर गाडीचे नाव का घ्यायचे?

हेल्मेट घरात असते. खिळ्याला टांगलेले, नाही तर आरशाला अडकवलेले. पोलीस दिसला की डोक्यावर येते. २०२२ साली देशात हेल्मेट न घातल्यामुळे मेलेल्यांची संख्या ५०,०२९ होती. त्यात १४,३३७ मागे बसलेले. वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा असे दिसले की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा ६९ टक्क्यांनी कमी होतो. पट्टा लावलेला असेल तरच. आयएसआयचा शिक्का पाहून घ्या. रस्त्याकडेला दीडशे-दोनशेला मिळते ते टोपले आहे. काच पांढरी घ्या, संध्याकाळी काळ्या काचेतून दिसत नाही आणि काच वर केली तर चिलटे डोळ्यांत जातात. १४ एप्रिलच्या रॅलीत तर आपली पोरे निळा फेटा बांधून, हेल्मेटशिवाय, एका गाडीवर तिघे-तिघे असतात. त्या दिवशी कोणी बोलत नाही. बोलायला हवे, आणि ते मंडळाच्या मोठ्या भावांनीच.

काही जणांनी जास्त जपायचे आहे. सिकलसेल आपल्या समाजात आहे हे विदर्भात लपवण्यासारखे राहिलेले नाही. ज्यांचा रिपोर्ट 'एसएस' आहे त्यांना गार वारा आणि अंगातले पाणी कमी होणे या दोन्हींनी सांधे-हाडांचे दुखणे उठू शकते. त्यांनी थंडीत गाडीवर लांब जाऊच नये, आणि उन्हाळ्यात पाण्याची बाटली घेतल्याशिवाय निघू नये. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी दुपारच्या जेवणावर थेट संध्याकाळी गाडी काढू नये. घाम सुटला, हात कापायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली असे समजावे. गाडी बाजूला घ्यावी आणि गूळ किंवा साखर खावी, म्हणून खिशात तेवढे असावेच. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते. ज्यांना फिट येतात त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नये.

आणि अपघात झालाच, आपला किंवा दुसऱ्याचा, तर १०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस नाव सांगायची किंवा साक्ष द्यायची सक्ती करू शकत नाहीत, २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात तसे कलमच आले आहे. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजनाही लागू झाली आहे. ठरवून दिलेल्या दवाखान्यांत अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार पैसे न भरता होतात. रात्री दोन वाजता सोने गहाण टाकायला धावण्याआधी दवाखान्यात या योजनेबद्दल विचारा.

आता राहिला तो प्रश्न, जो या पानाला कोणी विचारलेला नाही. घरात बाई पण राबते. सकाळी चार घरची धुणीभांडी, नाही तर शाळेत खिचडी शिजवणे, नाही तर दवाखान्यात आयाबाई. मग घरचे. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात असे आढळले. घरकाम करणारे पुरुष, ८८ मिनिटे. यंत्राने माणसाला फुरसत मिळते हे बाबासाहेबांचे म्हणणे आपण वर पाहिले. आपल्या घरात यंत्र आले खरे, हप्त्यावर आले. पण त्याने फुरसत मिळाली एकालाच. गाडी आली म्हणून बाईचा एक तास वाचला, असे किती घरांत झाले? उलट पोरगा चकरेला गेला की त्याचे जेवण झाकून ठेवायचे आणि सातपासून दाराकडे कान लावून बसायचे, हे तिचे एक काम वाढले. ज्या फोनची ती वाट बघते तो नको असलेला फोन असतो.

म्हणून ज्याला चक्कर मारायची आहे त्याने आठवड्यातला एक दिवस तिला मागे बसवून न्यावे, असे आम्ही म्हणणार होतो. लिहिता लिहिता हे अपुरे वाटले. मागे बसलेली बाई वारा खाते, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात. केव्हा थांबायचे, किती जोरात जायचे, कुठे वळायचे हे तिने ठरवायचे नसते. तिला गाडी शिकवा. अठरा वर्षे पूर्ण असली की शिकाऊ लायसन्स निघते, तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. ज्यांना सायकल येते त्यांना स्कुटी यायला फार दिवस लागत नाहीत. शाळेचे मैदान रविवारी सकाळी रिकामे असते. ओढणी बांधून घ्यायची, साडीऐवजी पंजाबी घातला तर बरे, पायात चप्पल नको, बूट. बघे जमतील, दोन-चार जण हसतील. "बाई गाडी शिकून काय करणार?" असे एखादा म्हातारा म्हणेलच. त्याला सांगा की बचत गटाच्या मीटिंगला जाईल, लेकराला दवाखान्यात नेईल, आणि कधी काही काम नसताना वडाळीच्या तलावावर जाऊन बसेल. तेव्हा घरात चहा कोण ठेवेल आणि लेकरांचा अभ्यास कोण घेईल, ते पोरांनी आत्ताच ठरवून ठेवावे.

ज्यांच्या वस्तीत असे शिकवणे सुरू होईल त्यांनी या पानाला कळवावे. वेळ सकाळची ठेवा. हेल्मेट शिकणारीच्या मापाचे आणा. नवऱ्याचे हेल्मेट तिच्या डोक्यावर ढिले बसते आणि ढिले हेल्मेट पडताना आधी निघते.